सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही: जुन्या गाडीची पायरीपायरीने तपासणी

माझ्याकडे वडिलांची १९९७ ची मारुती ८०० आहे. कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली), एमएच-३१ म्हणजे नागपूर पासिंगची. मे महिन्यातल्या एका दुपारी नागपूरच्या वर्धा रोडवर, डबल डेकर पुलाच्या सावलीत सिग्नलला थांबले आणि गाडी बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन छान फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. पुढच्या चार दिवसांत मी नवी बॅटरी घेतली, तिन्ही प्लग बदलले, पेट्रोल पंप बदलला आणि कार्ब्युरेटर उघडून साफ करून घेतला. गाडी होती तिथेच. पाचव्या दिवशी एका वयस्कर मिस्त्रीभाऊंनी बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदा मलाच विचारलं, "ताई, करंट येऊन राहिला का पाहिलं? पेट्रोल येऊन राहिलं का पाहिलं? नाही ना? मग बॅटरी कायले बदलली?" दोष निघाला कॉइलपासून (बॅटरीच्या विजेचे हजारो व्होल्ट करणारा भाग) डिस्ट्रिब्युटरकडे (तो करंट एकेका प्लगला वाटणारा भाग) जाणाऱ्या जाड वायरीत. वरच्या रबरी टोपीखाली ती आतून तुटली होती. वायर आली तीनशे रुपयांच्या आत. त्याआधी गेलेले हजारो रुपये मात्र परत आले नाहीत.

ज्यांनी नुकतीच जुनी गाडी घेतली आहे, किंवा घरातली जुनी गाडी ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पेट्रोल इंजिनाला सुरू व्हायला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, करंट म्हणजे प्लगची ठिणगी, सिलिंडरमध्ये दाब, आणि या तिन्ही गोष्टी ठरल्या क्षणी होणं. सेल्फ फिरतोय आणि गाडी घेत नाही, म्हणजे या चारांपैकी काहीतरी कमी आहे. नेमकं काय कमी आहे हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

आधी जवळ काय हवं

प्लग पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, रबरी मुठीची पक्कड, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, साधा डिजिटल मल्टीमीटर, बारीक पॉलिश पेपर, सुती फडकं, टॉर्च, चिकटपट्टी आणि पेन. मल्टीमीटर बर्डीवरच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत सहज मिळतो आणि स्वस्तातला चालतो. डॅशबोर्डच्या खणात गाडीची पुस्तिका असू द्या. फ्यूजचा आणि रिलेचा (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचा) नकाशा तिच्यातच असतो.

कागदांचं म्हणाल तर आरसी, विमा आणि पीयूसी. जुन्या गाडीच्या बाबतीत आरसीवरची मुदत आवर्जून बघा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. गाडी रस्त्यात बंद पडून कोणी ओढून नेत असेल तेव्हा मुदत संपलेली आरसी हातात असणं फार अडचणीचं होतं. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय असेल तर तो नंबर आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ हा मदतीचा नंबर आहे.

सुरक्षेच्या चार गोष्टी. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला. पेट्रोलचं काम सुरू असताना जवळपास सिगारेट, उदबत्ती, काहीही पेटतं नको. कॉइलचा करंट हजारो व्होल्टचा असतो, तेव्हा प्लगच्या वायरी उघड्या हाताने धरू नका, आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी ठिणगीची तपासणी अजिबात करू नये. शेवटचं म्हणजे, सेल्फ सलग १० सेकंदांहून जास्त मारू नका, आणि दोन वेळांमध्ये निदान अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. सेल्फची मोटर तापून जळते आणि एकाचे दोन बिघाड होतात.

१. बॉनेट उघडण्याआधी आवाज ऐका

चावी फिरवल्यावर नुसतं "टक" होत असेल, तर तो वेगळा आजार आहे: बॅटरी, टर्मिनल किंवा सेल्फ. हा लेख त्यासाठी नाही.

इंजिन रडत रडत, ओढल्यासारखं फिरत असेल तर पायरी ३ वर जा. नेहमीच्या लयीत फिरतंय आणि पेटत नाही, तर इथून क्रमाने चला. आणि नेहमीपेक्षा जलद, एकसारखं गुळगुळीत, मध्ये कुठेही न अडखळता फिरत असेल तर लगेच सेल्फ मारणं थांबवा आणि पायरी ८ वाचा. चांगल्या इंजिनाच्या फिरण्यात दाबाचे ठोके ऐकू येतात. ते ठोके गेले असतील तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता मोठी.

आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मिस्त्रीला तोंडी वर्णन करण्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

२. सीटवर बसूनच होणारी तपासणी

पेट्रोलचा काटा जुन्या गाडीत विश्वासाचा नसतो. टाकीतला तरंगता गोळा अडकला की काटा पाव टाकीवर थांबतो आणि टाकी रिकामी असते. शंका असेल तर दोन लिटर पेट्रोल आणून टाका. दोष तिथे नसला तरी ते पेट्रोल वाया जात नाही.

आता चावी "ऑन" करा, सेल्फ मारू नका. एमपीएफआय गाडी, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी असेल तर दोन गोष्टी बघायच्या. इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे. तो लागतच नसेल तर गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला वीज पोचत नाही असं समजा आणि आधी फ्यूज व मेन रिले पाहा. दुसरं, मागच्या सीटखालून दोनेक सेकंद "झूंऽऽ" असा बारीक आवाज यायला हवा. तो पेट्रोल पंपाचा. रस्त्यावर गोंगाट असेल तर कोणाला तरी टाकीच्या झाकणाजवळ कान लावायला सांगा.

चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह असलेला दिवा लुकलुकत राहिला तर इमोबिलायझरला, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला चावी ओळखू येत नाही. अशा वेळी सेल्फ व्यवस्थित फिरतो आणि गाडी एक तर घेतच नाही किंवा सेकंदभर सुरू होऊन बंद पडते. दुसरी चावी लावून बघा. जुडग्यात चाव्यांचा जाडजूड गुच्छ असेल, विशेषतः दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी सोबत असेल, तर ती काढून फक्त एकच चावी लावा. हा दोष असताना लोक पंप बदलून बसलेले मी पाहिले आहेत.

फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांत धक्का बसला की पेट्रोल तोडणारा एक स्विच असतो. मोठ्या खड्ड्यात आदळल्यावरही तो उडू शकतो. पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते. वरचं बटण दाबलं की झालं.

गॅस किट असलेल्या गाडीत बिघाड नेमका कोणत्या इंधनात आहे हे आधी ठरवा. कार्ब्युरेटरच्या गाडीत किट बसवताना पेट्रोलच्या नळीत एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह टाकतात. त्याची वायर सुटली किंवा तो अडकला की पेट्रोल पुढे जातच नाही. वर्षानुवर्षं फक्त गॅसवर चालवलेल्या गाडीत तर पेट्रोलची सगळी यंत्रणा कोरडी पडून चिकटलेली असते.

३. बॅटरी: सेल्फ फिरतो म्हणून सोडून देऊ नका

हे मला फार उशिरा कळलं. बॅटरी थोडी कमी असली तरी सेल्फ इंजिन फिरवतो, पण त्यात इतकी वीज खातो की कॉइलसाठी आणि ईसीयूसाठी पुरेसा व्होल्टेज उरत नाही. मल्टीमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. गाडी काही तास उभी असताना १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा पाहा. तो १० च्या आसपास राहिला तर ठीक. साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकलेली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा गंज चढला आहे. टर्मिनल पॉलिश पेपरने घासून घट्ट केल्यावर पुन्हा मोजा, मगच बॅटरीच्या दुकानात जा.

धक्का मारण्याबद्दलही इथेच सांगते. आपल्याकडे गाडी बंद पडली की चार भले लोक धावत येतात, "ताई, धक्का मारू का?" त्यांच्या भल्या मनाबद्दल शंकाच नाही. पण सेल्फ इंजिन नीट फिरवत असेल तर धक्का त्याहून वेगळं काही करत नाही. तोही इंजिन फिरवतोच. धक्क्याचा फायदा फक्त बॅटरी अशक्त असताना होतो, कारण तेव्हा सेल्फ वीज खात नाही आणि सगळी वीज ठिणगीला मिळते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) असलेल्या गाडीला मात्र लांबवर धक्का मारू नका. न जळलेलं पेट्रोल त्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो, आणि तो पार्ट महाग आहे.

४. एक प्लग काढा, तोच सांगतो

आठ-दहा सेकंद सेल्फ मारून झाल्यावर लगेच एक प्लग काढा. त्याआधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ फुंकून किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्लगच्या वायरी काढण्यापूर्वी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर लिहा. मारुतीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-२ असतो. दोन वायरींची अदलाबदल झाली तर चांगली गाडीसुद्धा सुरू होत नाही, फटाके मात्र वाजतात. वायर ओढताना टोपीला धरा, वायरीला नाही.

प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचतंय. एक तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झालं आहे. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही असं धरून पायरी ६ कडे जा. काळा आणि कोरड्या काजळीचा असेल तर मिश्रण बरेच दिवस जड, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असं चाललं होतं. एअर फिल्टर आणि चोक (गार इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) पाहा.

प्लग ओले असतील तर पुढचं सगळं करण्याआधी एक फुकटचा उपाय. प्लग पुसून, उन्हात वाळवून परत बसवा. एक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, वरखाली करू नका, आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यामुळे भरपूर हवा जाऊन जास्तीचं पेट्रोल निघून जातं. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत पॅडल पूर्ण दाबलं की सेल्फ मारताना इंजेक्टर पेट्रोल देणं बंद करतात. घाबरून पॅडल पंप करत राहणं ही नवख्या माणसाची सगळ्यात मोठी चूक. कार्ब्युरेटरच्या गाडीत प्रत्येक वेळी पॅडल दाबलं की पेट्रोलची एक धार आत पडते. पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघालं की दाबसुद्धा कमी होतो. तसं झालं असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पाहा.

प्लग परत बसवताना सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं. पान्याने तिरका प्लग रेटला की आटे जातात.

५. करंट येतो का

इथे दुसरा माणूस हवा. काढलेला प्लग त्याच्याच वायरीला लावा आणि प्लगची धातूची बाजू इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवून ठेवा. रबरी मुठीच्या पक्कडीने धरा, आणि ज्या भोकातून प्लग काढला त्यापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. एमपीएफआय गाडीत आधी पंपाचा फ्यूज काढा. वायर हवेत उघडी लटकत ठेवून सेल्फ मारू नका, त्याने कॉइल किंवा ईसीयूला इजा होऊ शकते. आता सेल्फ. निळसर पांढरी, "टक टक" आवाजाची ठिणगी हवी. पिवळी-तांबूस, मधूनच येणारी ठिणगी अशक्त. हे सावलीत किंवा संध्याकाळी करा. मेच्या उन्हात चांगली ठिणगीसुद्धा डोळ्यांना दिसत नाही आणि आपण चुकीचा निष्कर्ष काढतो.

डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत कुठल्याच प्लगला ठिणगी नसेल तर एक पाऊल मागे जा. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या भोकात येणारी जाड वायर काढा, पक्कडीने तिचं टोक लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारायला लावा. इथे ठिणगी उडते पण प्लगला नाही, तर दोष कॅपमध्ये (डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात) किंवा रोटरमध्ये (त्याखाली फिरणाऱ्या तुकड्यात). इथेही नाही, तर कॉइल, ती वायर, किंवा कॉइलला वीज देणारा भाग.

कॅप काढून उन्हाकडे धरा. केसासारखी बारीक तडा किंवा पेन्सिलच्या रेघेसारखी काळी रेषा दिसली तर करंट तिथूनच पळतोय. मधला कार्बनचा खिळा आणि त्याची स्प्रिंग जागेवर आहे का पाहा. मग कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाला टेस्ट लॅम्प लावून चावी ऑन करा. लॅम्प लागला नाही तर फ्यूज, वायर किंवा चावीचा स्विच. लॅम्पची क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि टोक कॉइलच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारला असता लॅम्प लुकलुकला पाहिजे. लुकलुकत नसेल तर कॉइलला तोडजोड करणारा भाग काम करत नाही: जुन्या गाड्यांत कॉन्टॅक्ट पॉइंट, नंतरच्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपरने हलके घासून, फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी ठेवली की गाडी बऱ्याचदा लगेच बोलते.

माझ्या बाबतीत कॉइल चांगली, कॅप चांगली, लॅम्पही लुकलुकत होता. मिस्त्रीभाऊंनी वायरीची टोपी मागे सरकवली, मल्टीमीटरने दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजला आणि वायर माझ्या हातात दिली. काटा हललाच नव्हता. बाहेरून ती नव्यासारखी दिसत होती.

डिस्ट्रिब्युटर नसलेल्या एमपीएफआय गाडीत ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम गायब असतील तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणाऱ्या भागावर संशय धरा. अनेक गाड्यांत सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो. तो शून्याला चिकटून राहिला तर सेन्सरचा सिग्नल येत नाही. नवा घेण्याआधी त्याचा प्लग काढून, साफ करून, पुन्हा नीट खटका बसेपर्यंत लावा. सेन्सरपेक्षा त्याचा सॉकेट जास्त वेळा खराब असतो.

६. पेट्रोल येतं का

कार्ब्युरेटरच्या गाडीत हे डोळ्यांनी दिसतं. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा, टॉर्च मारून कार्ब्युरेटरच्या घशात बघा आणि हाताने एक्सिलरेटरची केबल ओढा. पेट्रोलची बारीक पण जोरकस धार पडली तर फ्लोटच्या वाटीत पेट्रोल आहे. धार नाही, तर पंपाकडून येणारी नळी कार्ब्युरेटरजवळ काढून बाटलीत सोडा, ठिणगी उडू नये म्हणून कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाची वायर काढून ठेवा, आणि दोन-चार सेकंद सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने आलं पाहिजे. इथे येत असेल तर कार्ब्युरेटरची सुई किंवा जेट तुंबलं आहे. येत नसेल तर पंपावर यायच्या आधी तीन गोष्टी पाहा.

पहिली, टाकीचं झाकण. उघडताना "सुस्स" करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे आणि टाकीत निर्वात झाल्यामुळे पेट्रोल पुढे येत नव्हतं. दुसरी, पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटा फिल्टर. तो काळपट झाला असेल तर बदला आणि नव्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेने ठेवा. तिसरी, टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी. ही तडकली तर पेट्रोल गळत नाही, उलट पंप तिथून हवा ओढतो. खाली ओला डाग नाही म्हणून ती चांगली, असं समजू नका. वाकवून पाहा, बारीक चिरा दिसल्या की बदला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. नळी घेताना इथेनॉलला चालणारी फ्यूएल होज मागा.

एमपीएफआय गाडीत पंपाचा "झूं" आवाज नसेल तर क्रम असा: फ्यूज, रिले, वायर, आणि सगळ्यात शेवटी पंप. रिले तपासायला नवा रिले लागत नाही. हॉर्नचा किंवा पंख्याचा रिले त्याच नंबरचा असेल तर तात्पुरती अदलाबदल करा. सगळं ठीक असूनही पंप गप्प असेल तर कोणी सेल्फ मारत असताना टाकीच्या तळाला रबरी हातोडीने हलकेच ठोका. त्याने पंप चालू झाला तर घरापर्यंत जाता येईल, पण पंपाचे दिवस भरले हे नक्की. या पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं, म्हणून नेहमी रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. या गाड्यांच्या नळीत इंजिन बंद केल्यावरही दाब असतो. नळी घाईने उघडू नका, पेट्रोल डोळ्यांत उडतं.

गाडी तीन-चार महिने उभी होती का? मग पेट्रोलवरच संशय घ्या. इथेनॉल पाणी धरतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, जिथून पंप ओढतो. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून घेण्याला पर्याय नाही.

उभ्या गाडीत उंदरांचा उपद्रवही ठरलेला. सीटखाली, एअर फिल्टरच्या डब्यात, बॅटरीच्या बाजूला लेंड्या किंवा कुरतडलेलं कापूस-कागद दिसला की वायरिंग हाताने चाचपत जा. इंजेक्टरची एक वायर कुरतडली तरी पुरे.

डिझेल गाडीचं थोडक्यात: ठिणगी नसतेच, म्हणून पायरी ५ सोडून द्या. थंडीत दोष बहुधा ग्लो प्लगचा (सिलिंडर आधी तापवणाऱ्या प्लगचा), आणि एरवी नळीत शिरलेल्या हवेचा. फिल्टरवरचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबा आणि मग सेल्फ मारा.

७. तापली की बंद, गार झाली की सुरू

नागपूरच्या उन्हाळ्यात हा प्रकार इतका आहे की त्यावर वेगळं लिहायलाच हवं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत पारा ४५ च्या वर, वर सिग्नलला उभं राहणं, एसी चालू. गाडी बंद पडते, सेल्फ फिरतो, घेत नाही. अर्ध्या तासाने, काही न करता सुरू होते. मिस्त्रीकडे न्यावी तर तिथे ती व्यवस्थित असते.

याची दोन कारणं असतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून गाडी गरम असतानाच, बंद पडल्या जागी, पायरी ५ ची ठिणगी बघणं महत्त्वाचं. त्यासाठीच प्लग पाना आणि एक जुना प्लग मी कायम गाडीत ठेवते.

ठिणगी आहे पण पेट्रोल नाही, तर व्हेपर लॉक. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंप इंजिनालाच बसवलेला असतो. त्याच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. बॉनेट उघडा, ओलं फडकं पंपावर आणि नळीवर गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. पाणी ओतू नका. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो आणि डिस्ट्रिब्युटर भिजला तर नवीनच दुखणं. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून लांब बांधणं, आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो का हे बघणं. एमपीएफआय गाडीत नळीत दाब असल्यामुळे व्हेपर लॉक क्वचित होतो.

पेट्रोल आहे पण ठिणगी नाही, तर कॉइल, मॉड्यूल किंवा क्रँक सेन्सर तापल्यावर दगा देतो आहे. यांच्या आतली बारीक तार उष्णतेने फाकते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. माझी ती जाड वायरही पहिले दोन दिवस अशीच वागत होती. सकाळी ठीक, दुपारी बंद. मी तेव्हा ठिणगी पाहिली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

हिवाळ्यात उलट. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८-१० अंश असताना कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक पूर्ण ओढल्याशिवाय सुरू होणं जड जातं. सुरू झाल्यावर चोक हळूहळू आत ढकला. गरम इंजिनाला चोक देऊ नका, प्लग ओले होतात.

८. टायमिंग बेल्ट आणि दाब

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी गाडी घेत नाही किंवा फिरण्याचा आवाज बदललाय. ज्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो त्यांत कॅप काढून फक्त क्षणभर सेल्फ मारा. रोटर फिरत नसेल तर बेल्ट तुटला. इतर गाड्यांत ऑइलचं झाकण काढून आत कॅम किंवा रॉकर हलतात का पाहा. बेल्ट तुटला नसून एक-दोन दात सरकला असेल तर सगळं फिरतं पण वेळ चुकते, आणि ते मार्क जुळवूनच कळतं. काही इंजिनांत बेल्ट तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून या क्षणभराच्या तपासणीपलीकडे "एकदा बघू" म्हणत सेल्फ मारू नका. बेल्टचं आयुष्य किलोमीटरबरोबर वर्षांतही मोजतात. गाडी कमी चालली तरी रबर म्हातारं होतंच. जुनी गाडी घेताना आधीचा मालक बेल्ट कधी बदलला ते सांगू शकला नाही, तर पहिल्या सर्व्हिसिंगला बदलून घ्या.

दाबाची कच्ची तपासणी: कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाची वायर काढून, एक प्लग काढून, भोकावर अंगठा घट्ट ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. अंगठा उडाला पाहिजे.

९. पावसात आणि पुरानंतर

पावसाळी सकाळी गाडी घेत नसेल तर बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल असते. कॅप काढून आतबाहेर कोरड्या फडक्याने पुसा, वायरी पुसा, दहा मिनिटं हवा लागू द्या. एवढ्याने काम होतं.

पाण्यात बुडालेल्या गाडीची गोष्ट निराळी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट भागात घरांत शिरलं. दारासमोरच्या गाड्या बॉनेटपर्यंत पाण्यात होत्या. अशा गाडीला सेल्फ अजिबात मारू नका, चावी ऑनही करू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्ती पूर्ण इंजिनावर जाते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्यायला सांगा. पाण्यात सेल्फ मारल्याने झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं.

१०. मिस्त्रीकडे नेताना

एका कागदावर लिहून न्या: गाडी कधी बंद पडली, गरम होती की गार, सेल्फ मारताना व्होल्ट किती, प्लग ओला की कोरडा, ठिणगी आहे की नाही, पंपाचा आवाज येतो की नाही. कागद हातात पडला की "सगळंच बदलावं लागेल" हे वाक्य सहसा ऐकावं लागत नाही. पार्ट बदलण्यापूर्वी तो खराब आहे हे कशावरून ठरवलं ते विचारा. चांगला मिस्त्री दाखवून देतो आणि त्याला राग येत नाही. बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या. २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-२ चा, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले दोष वाचायचा सॉकेट असतो. तिथे स्कॅनर लावून आधी कोड वाचून घ्या. पण कोड दोषाचा पत्ता सांगतो, पार्टचं नाव नाही. सेन्सरचा कोड आला तरी वायर आणि सॉकेट आधी.

गाडी टोचन करून न्यायची असेल तर चावी ऑन असू द्या, नाहीतर स्टिअरिंगचं कुलूप पडतं. गिअर न्यूट्रल, दोर दोन्ही गाड्यांच्या हुकालाच, बंपरला नाही. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर काम करत नाही. दोन-तीनदा दाबलं की पॅडल दगडासारखं होतं आणि दुप्पट जोर लावावा लागतो. ऑटोमॅटिक गाडी दोराने ओढू नका, गाडी वाहून नेणारा ट्रक बोलवा. निघण्याआधी पुढच्या ड्रायव्हरशी हाताच्या खुणा ठरवून घ्या, आणि दोर ढिला पडू न देण्याचं काम मागच्याने, म्हणजे तुम्ही, ब्रेकवर हलका पाय ठेवून करायचं आहे.